गोधडी अंगावर की पेटीत

हाताने शिवलेली गोधडी नव्या कापडाची क्वचितच असते. नेसून नेसून मऊ झालेले लुगडे, विटलेले धोतर, मुलीला आखूड झालेला परकर, सदऱ्याची न झिजलेली पाठ असे पदर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने एकजीव करायचे, की गोधडी तयार होते. महाराष्ट्राच्या काही भागांत तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालायची लहान गोधडी म्हणजे दुपटे. पिढ्यानपिढ्या ही रोजच्या अंथरुण-पांघरुणाची वस्तू होती. ती वापरावी की जपून ठेवावी, हा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. घरात चार गोधड्या झिजत, तोवर दोन नव्या शिवून होत.

आता तसे राहिलेले नाही. सोलापुरी चादरी आणि पानिपतची ब्लँकेटे घरोघरी पोहोचली. सुती लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, आणि दुपारच्या वेळी अंगणात कापड अंथरून टाके घालत बसण्याइतकी सवड व जागा दोन्ही उरली नाही. अनेक घरांत आजीच्या हातची एखादीच गोधडी शिल्लक आहे. ती पांघरली तर फाटेल ही भीती आणि पेटीत ठेवली तर तिचा उपयोग काय ही हळहळ, अशा दोन्ही भावना त्या एका वस्तूभोवती असतात. उत्तर द्यायचे तर आधी गोधडी कशी बनते आणि कशाने संपते, हे नीट पाहावे लागते.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ यार्ड, साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या चार समान घड्या घातल्या, तर प्रत्येक पदर दोन मीटरहून थोडा लांब होतो. म्हणजे एका धड लुगड्यातून एका माणसापुरत्या गोधडीचे चार पदर निघू शकतात. प्रत्यक्षात लुगडे धड नसतेच. बसण्याच्या जागी ते विरलेले असते, आणि कितीदा तरी मधला झिजलेला भाग कापून, टोके जोडून, दंड घालून आणखी दोन वर्षे नेसलेले असते. म्हणून दोन-तीन लुगडी लागतात. सर्वांत जीर्ण कापड पोटात जाते, बऱ्यापैकी टिकाऊ कापड खाली अस्तराला आणि रंग शाबूत असलेले वर. इरकली लुगड्याचे काठ आणि लाल पदर पुष्कळदा मुद्दाम वरच्या बाजूला, दिसतील असे घेतलेले असतात.

मग टाके. कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत आत यायचे, किंवा एका बाजूकडून दुसरीकडे सरळ रांगा घालत जायच्या, अशा दोन्ही पद्धती आहेत. रांगांमध्ये दीड सेंटीमीटर अंतर धरले, तर दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद गोधडीत सुमारे १६५ मीटर लांबीची शिवण बसते. एक टाका व पुढची मोकळी जागा मिळून एक सेंटीमीटर धरली, तर टाक्यांची संख्या १६ हजारांच्या पुढे जाते. गोधडीचे सगळे बळ या संख्येत आहे. पोटातले कापड इतके विरलेले असते, की ते एकटे हातात धरून ताणले तर टरकन फाटेल; पण दर दीड सेंटीमीटरवर दोऱ्याने बांधलेले असल्याने त्याला ताण घ्यावाच लागत नाही. ताण हजारो टाक्यांवर वाटला जातो. टाक्यांच्या मधल्या फुगीर जागांत हवा अडकते. हवा उष्णता लवकर वाहून नेत नाही, म्हणून ऊब टिकते. धुण्याने आणि वापराने या जागा दबतात व जुनी गोधडी थोडी चपटी आणि कमी उबदार होते. पण त्याच वापराने तिचे कापड आणखी मऊ होते. त्यामुळेच बाळाच्या अंगाला लागायचे दुपटे जुन्या कापडाचे करतात.

या रचनेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि तीच या प्रश्नात सर्वांत मोलाची आहे. गोधडीची वरची बाजू झिजली की जाणत्या घरांत ती टाकून देत नसत. झिजलेल्या जागी ठिगळ बसवत. ठिगळे फार झाली की दोन्ही बाजूंना दुसरे लुगडे लावून सगळे पुन्हा टाचत. जुनी गोधडी नव्या गोधडीचे पोट होऊन जाई. म्हणजे झिजणे ही तिच्या आयुष्यातली अपेक्षित घटना होती आणि तिची दुरुस्ती करण्याचे ज्ञान घरातच होते. गोधडी वापराने संपते असे म्हणण्यापेक्षा ती दुरुस्ती थांबल्यावर संपते असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

अंथरुणावर असलेल्या गोधडीला तीन गोष्टी झिजवतात. पहिली म्हणजे घर्षण. ते सगळीकडे सारखे नसते. तोंडाकडचा काठ, पायांची जागा आणि ओढून घेताना हाताच्या मुठीत येणारे कोपरे आधी जातात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या काही गोधड्यांच्या वरच्या काठाला कापडाची वेगळी पट्टी टाचलेली आढळते. दाढीच्या खुंटांनी आणि चेहऱ्याच्या तेलाने काठ खराब होऊ नये, म्हणून ती असे. मळली की उसवून धुवायची आणि पुन्हा लावायची. दुसरी गोष्ट घाम आणि अंगाचे तेल. ते धाग्यांत मुरते, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पिवळे पडते आणि कापसाचा धागा हळूहळू ठिसूळ करते. तिसरी गोष्ट धुणे, आणि तिन्हींमध्ये तीच सर्वांत कठोर आहे. सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे पाण्याने सुताला इजा होत नाही. इजा होते ती वजनाने. भिजलेली गोधडी कोरडीच्या दुपटीहून अधिक जड होते आणि एका टोकाला धरून उचलली की तो सगळा भार त्या टोकाजवळच्या मोजक्या टाक्यांवर येतो. दगडावर आपटणे, दोघींनी मिळून पीळ देणे, यंत्रात गरगर फिरवून पाणी काढणे, या प्रत्येकात टाके तुटतात आणि पोटातले कापड सरकून गोळा होते.

पेटीतल्या गोधडीचे शत्रू वेगळे आहेत आणि ते डोळ्यांसमोर काम करत नाहीत, म्हणून ते नाहीतच असे वाटते. ओल हा पहिला. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की सुतावर बुरशी धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर असते. लोखंडी ट्रंकेत किंवा दिवाणाच्या खणात कोंडलेली हवा बाहेर जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या गोधडीची अवस्था याहून वाईट होते, कारण सुताने आधीच धरून ठेवलेला ओलावा आतच राहतो. बुरशीचे काळे-करडे ठिपके धुऊन पूर्ण जात नाहीत. ट्रंकेचा गंज लागला तर तोही डाग कायमचा, शिवाय लोखंडाच्या संपर्काने तिथला धागा कमजोर होतो. लाकडी फडताळ बरे वाटते, पण लाकडातून आम्लाची सूक्ष्म वाफ सतत बाहेर पडत असते. उघड्या लाकडाला वर्षानुवर्षे टेकलेले कापड तेवढ्याच पट्ट्यात तपकिरी पडते. वर्तमानपत्राच्या कागदानेही हेच होते.

मग घडी. एकाच जागी वर्षानुवर्षे मोडलेला धागा तिथेच तुटतो. वीस वर्षे न उघडलेल्या गोधड्या उलगडल्यावर पुष्कळदा घडीच्या रेषेवरच चिरलेल्या निघतात, एरवी बाकीचे कापड चांगले असले तरी. खाली दबलेल्या गोधडीवर वरच्या चवडीचे वजन असेल तर हे आणखी लवकर होते. किड्यांबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. लोकरीला आणि रेशमाला लागणाऱ्या पतंगाच्या अळ्या स्वच्छ सुताच्या वाटेला सहसा जात नाहीत, कारण त्यांचे अन्न प्राणिज तंतू आहेत. सुती गोधडीला धोका असतो तो कसरीचा, झुरळांचा, वाळवीचा आणि उंदरांचा. कसरीला खळ आवडते. त्यामुळे खळ दिलेले कापड, आणि ज्यावर अन्नाचे किंवा घामाचे डाग राहिले आहेत असे कापड, आधी कुरतडले जाते. न धुता पेटीत गेलेली गोधडी ही त्यांच्यासाठी वाढून ठेवलेली पंगतच.

यावर घरोघरी डांबरगोळ्यांचा उपाय केला जातो. त्यांच्यातल्या नॅप्थालीनची वाफ किड्यांना मारते, पण ती माणसालाही घातक आहे. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळांमध्ये या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. डांबरगोळ्यांच्या वासाची कपडे-पांघरुणे अंगाला लागल्याने असे झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. पेटीत जपलेले दुपटे नेमके बाळाच्या जन्माच्या वेळी बाहेर निघते, हे लक्षात घेता दुपट्यांच्या जवळही डांबरगोळी ठेवू नये.

दोन्ही बाजू अशा मांडल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. जपून ठेवणे म्हणजे वापरायचे थांबवणे नव्हे. जपणे हे स्वतंत्र काम आहे, आणि ते दर वर्षी करावे लागते. बहुतेक घरांत गोधडी जपून ठेवली असे म्हणतात तेव्हा ती फक्त नजरेआड झालेली असते. रोज अंगावर घेतलेल्या गोधडीचा उसवलेला टाका त्याच आठवड्यात दिसतो. ट्रंकेतली बुरशी पाच वर्षांनी दिसते. ज्या घरात पेटी उघडून पाहण्याचे काम कोणी करणार नाही, त्या घरात गोधडी पलंगावर अधिक सुरक्षित आहे.

हा प्रश्न केवळ मराठी घरांचा नाही. ॲलिस वॉकर या अमेरिकी लेखिकेने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरीडे यूझ’ या कथेत तो थेट मांडला आहे. आजीच्या कपड्यांच्या तुकड्यांतून शिवलेल्या गोधड्या शहरात शिकलेल्या मोठ्या बहिणीला भिंतीवर लावायला हव्या आहेत. धाकटी त्या पांघरून फाडून टाकेल, असे तिचे म्हणणे. आई त्या धाकटीलाच देते, कारण फाटल्या तर नव्या शिवणे तिला येते. कथेतल्या आईचा निर्णय भावनेचा वाटला, तरी त्यामागचा हिशेब व्यवहाराचा आहे. ज्याला वस्तू करता येते, त्याच्या हाती ती वापरात राहिली तरी परंपरा चालू राहते.

याच अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत कापसाच्या मळ्यावर राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी शेतात घातलेल्या जाड पँटी आणि सदऱ्यांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवल्या, त्या फटींतून वारा येणाऱ्या घरांत थंडीपासून बचाव व्हावा म्हणून. २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले आणि आधुनिक चित्रकलेच्या तोडीची कला म्हणून त्यांचा गौरव झाला. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. ज्या गोधड्या आज अतिशय कमी उजेडात, हात न लावता पाहायच्या असतात, त्यांतल्या बहुतेक कोणी ना कोणी पांघरलेल्या होत्या. गुडघ्याच्या जागी विटलेला निळा रंग आणि खिसा उसवल्यावर राहिलेला गडद चौकोन ही त्यांच्या सौंदर्याचीच अंगे आहेत. वापर झालाच नसता, तर संग्रहालयाला जे हवे होते तेच त्यांत नसते.

बंगालच्या कांथ्यांमध्ये, म्हणजे तिथल्या गोधड्यांमध्ये, मात्र वापराचे आणि जपण्याचे प्रकार सुरुवातीपासून वेगळे राहिले. थंडीत पांघरायचा जाड लेप-कांथा साधा असे, तर पाहुण्याला बसायला घालायचे, आरसा किंवा पोथी गुंडाळायचे कांथे कमळ, कल्पवृक्ष, हत्ती, पालख्या अशा भरतकामाने भरलेले असत आणि प्रसंगीच बाहेर निघत. साहजिकच जे टिकले ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. गुरुसदय दत्त यांनी जमवलेले कांथे कोलकात्याजवळच्या जोका येथील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आले आणि कलाभ्यासक स्टेला क्रॅमरिश यांच्या संग्रहातले फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात गेले. साध्या लेप-कांथ्यांचा इतिहास त्यामुळे फारच थोडा हाती आहे. हे नुकसान लहान नाही. गोधडीच्या बाबतीत तेच होऊ द्यायचे नसेल, तर रोजच्या वापरातल्या साध्या गोधड्यांपैकीही काही ठेवल्या पाहिजेत, केवळ सुंदर तेवढ्याच नव्हेत.

आणखी एक उदाहरण गोव्याशी नाते असलेल्या, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाचे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तिथून घाटाकडच्या जंगलांत निसटलेल्या लोकांचे हे वंशज. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत त्यांची वस्ती आहे. त्यांच्या बायका रंगीत तुकड्यांची कवंदी नावाची गोधडी शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत येत मध्यावर संपवतात आणि चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीची ‘फुले’ बसवतात. फुलांशिवाय कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. ही कवंदी मुळात घरच्याच उपयोगाची. विक्रीसाठी आणि प्रदर्शनांसाठीही ती आता शिवली जाते, आणि शिवणाऱ्या हातांना त्यामुळे काम मिळते हे चांगलेच आहे. महाराष्ट्रातले अनेक महिला बचत गट गोधड्या करून विकतात, त्यांच्याबाबतही हेच.

तर कोणती गोधडी अंगावर घ्यावी आणि कोणती ठेवावी? माप सोपे आहे: जी दुरुस्त होऊ शकते ती वापरावी. सुती, धड टाक्यांची, धुण्यातून गेलेली गोधडी या वर्गात येते आणि बहुतेक गोधड्या अशाच असतात. १९७० नंतर घराघरांत आलेल्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी तर बेलाशक वापरावी. तिचे कापड कुजत नाही. सुती दोरा मात्र त्या गुळगुळीत कापडात आधी झिजतो, म्हणून टाके तेवढे पाहत राहावेत. तिला घाम शोषता येत नसल्याने खाली सुती चादर हवी.

ठेवावी ती अशी: जिचे वरचे कापड बोटाने हलकेच दाबले तरी चिरते, जिच्यात रेशीम किंवा जर आहे, कारण रेशीम ओले झाल्यावर सुताच्या उलट कमजोर होते, जिच्यावरच्या काळ्या रंगाचे धागे आपोआप झडू लागले आहेत (लोहयुक्त रंगद्रव्याने रंगवलेल्या जुन्या काळ्या व गडद तपकिरी कापडात हे होते), आणि जी एखाद्या घराची, गावाची किंवा शिवण्याच्या विशिष्ट पद्धतीची एकुलती एक उरलेली खूण आहे. शेवटच्या प्रकारात कापड मजबूत असले तरी वापर थांबवणे योग्य. आई किंवा आजी गेल्यानंतर तिच्या साड्यांची गोधडी शिवून घेण्याची पद्धत आता शहरांतही दिसते. या गोधड्या मात्र वापरण्यासाठीच केलेल्या असतात. दुःखात असलेल्या माणसाला ती साडी अंगाशी असावी असे वाटत असते, आणि तिला कपाटात कोंडणे त्या हेतूच्याच विरुद्ध जाते.

वापरायची गोधडी थेट अंगाला लावू नये. खाली पातळ सुती चादर घ्यावी आणि तिचा वरचा वीतभर भाग गोधडीच्या काठावर दुमडावा; घाम व तेल चादरीला लागते आणि चादर आठवड्याला धुता येते. गोधडी वर्षातून एकदा-दोनदा धुतली तरी पुरते. दोन गोधड्या असतील तर आलटून पालटून घ्याव्यात, आणि डोके-पाय बाजू दर महिन्याला बदलावी, म्हणजे झीज एकाच काठावर येत नाही. सकाळी घट्ट चौकोनी घडी घालण्यापेक्षा सैल वळकटी करावी. संग्रहालयातही कापड गुंडाळून ठेवणे घडीपेक्षा चांगले समजतात. वळकटीत धागा कुठेच मोडत नाही.

धुण्याआधी रंग तपासावा. ओले पांढरे फडके रंगीत भागावर दाबून धरावे. फडक्याला रंग लागला तर त्या गोधडीला पाणी दाखवू नये. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हा समज खरा नाही. रंग जात नसेल तर मोठ्या टबात थंड किंवा कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्यावा, रिठाही चालतो. क्लोरीनचे ब्लीच कधीच वापरू नये, ते डागाबरोबर धागाही खाते. गोधडी टबात अंथरून हाताने दाबत राहावे आणि साबण निघेपर्यंत पाणी बदलावे. काढताना तिच्याखाली आधीच एक जुनी चादर घातलेली असावी आणि दोघांनी चादरीची चार टोके धरून ती झोळीसारखी उचलावी, म्हणजे भार चादरीवर येतो. पीळ देऊ नये. बाजेवर किंवा शेजारी शेजारी बांधलेल्या दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरून वाळवावी.

महाराष्ट्राच्या खेड्यांत घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची रीत आहे. धार्मिक शुद्धीच्या भावनेबरोबर त्यात कापडाचेही शहाणपण आहे. पावसाळ्याची ओल तेव्हा संपत आलेली असते आणि भाद्रपद-आश्विनातल्या कडक उन्हात जाड गोधडीसुद्धा दिवसभरात आतपर्यंत वाळते. उन्हाचा दुसरा परिणामही ध्यानात ठेवावा. संग्रहालयात कापडावर सहसा ५० लक्सच्या आसपासच प्रकाश पडू देतात, आणि भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही, ती साठत जाते. या हिशेबाने दुपारचे एक तासाचे ऊन म्हणजे संग्रहालयातला दोन हजार तासांचा प्रकाश, आणि उन्हातल्या अतिनील किरणांची हानी त्याहून वेगळी. म्हणून रंगीत बाजू खाली घालून वाळवावी, आणि वाळली की लगेच आत आणावी. खिडकीतून ऊन येणाऱ्या भिंतीवर गोधडी टांगणे हा तिला संपवण्याचा सर्वांत वेगवान मार्ग आहे. टांगल्याने तिचे स्वतःचे वजनही वरच्या टाक्यांवर येत राहते.

ठेवायची गोधडी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून आणि खळ न देता ठेवावी. धुण्याजोगी नसेल तर तिच्यावर बारीक जाळी धरून व्हॅक्यूम क्लीनरच्या हलक्या ओढीने धूळ काढावी. मग धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून, शक्यतो पुठ्ठ्याच्या जाड नळीवर मांजरपाट चढवून त्यावर रंगीत बाजू बाहेर येईल अशी गुंडाळावी. जागा नसल्यास घडी घालावी, पण प्रत्येक मोडणीत कापडाची सैल गुंडाळी ठेवावी आणि दर वेळी घडीची जागा बदलावी. माळा आणि जमिनीलगतचा खण टाळावा: एक तापतो, दुसऱ्याला ओल येते. वेखंड किंवा वाळलेला कडुनिंब ठेवायचा असेल, तर पुरचुंडीत बांधून, कापडाला न लागेल असा. पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या आधी, अशी वर्षातून दोनदा ती उलगडून पाहावी. छोट्या दुपट्यात किडा दिसलाच, तर ते प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधावे आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे; बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर बंदच ठेवावी, म्हणजे बाष्प कापडावर जमत नाही.

दुरुस्तीत बहुतेक चुका मजबुतीच्या हौसेने होतात. विरलेल्या सुतावर नवे कोरे कापड लावले, की पहिल्या धुण्यात ते आकसते आणि ठिगळाच्या कडेनेच जुने कापड फाडते. ठिगळ जुन्या, धुतलेल्या, तितक्याच वजनाच्या सुताचे असावे आणि भोकाच्या कडेपेक्षा चार बोटे पुढे, धड कापडापर्यंत गेलेले असावे. दोराही सुतीच. नायलॉनचा चिवट दोरा जुन्या कापडाला सुरीसारखा कापतो. ओढ बसलीच तर दोरा तुटावा, कापड नव्हे. तुटलेला टाका एकटा घालू नये. दोन्ही बाजूंच्या चार-पाच शाबूत टाक्यांवरून नवा दोरा न्यावा. मूळ शिवण उसवू नये, नवे टाके तिच्या शेजारून घालावेत, म्हणजे पहिल्या हाताची रांग दिसत राहते.

गोधडी वापरात असो की पेटीत, तिच्यामागे कापडाची एक छोटी पट्टी टाचून ठेवणे गरजेचे आहे. तिच्यावर शिवणारीचे नाव, गाव, वर्ष आणि कापड कोणाचे ते लिहावे: हिरवा काठ थोरल्या काकूंच्या लुगड्याचा, पांढरा भाग आजोबांच्या धोतराचा, असे. शाईने लिहिलेले धुण्यात जाते, म्हणून पेन्सिलने लिहून त्यावर साध्या टाक्याने अक्षरे भरावीत. बहुतांश गोधड्यांबाबत आज हेच सांगता येत नाही, आणि कापड कितीही उत्तम राहिले तरी ही माहिती त्यातून परत काढता येत नाही. शिवणारी व्यक्ती हयात असेल तर तिला गोधडीसमोर बसवून एकेका तुकड्याची हकिकत विचारावी आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे.

शेवटी अशी वेळ येते, की ठिगळ धरून ठेवण्याइतके धड कापड आजूबाजूला उरत नाही. तेव्हा संपूर्ण गोधडीचा छायाचित्रासह आकार नोंदवून घ्यावा. जिथे टाके आणि काठ शाबूत आहेत असा हातभर तुकडा कापून, कडा शिवून, मांजरपाटात ठेवावा. उरलेली गोधडी दोन धड लुगड्यांच्या मध्ये अंथरून पुन्हा टाचावी. मागची पट्टी उसवून नव्या गोधडीवर लावावी आणि जुन्या नावाखाली नवे नाव व नवे वर्ष भरावे.